भिंतीतून जाण्याचा कोड

२ जुलै २०१६, शनिवार

आज सकाळी अकरा दहाला सगळं बदललं! वेळ पक्की आहे. पाक मार्गोनोंच्या – सगळ्या गल्लीचे पाक, काका – दुकानातलं घड्याळ समोरच होतं. ते पाच मिनिटं पुढे असतं हे सगळ्या केदिरीला माहीत आहे, म्हणजे अकरा पाच. राहू दे. अकरा दहाच!

पाक मार्गोनोंचं गेमचं दुकान बंद होतंय. तासावर प्लेस्टेशन खेळायला द्यायचे – सहा टीव्ही, सहा मशिनं, खाली चटई. माझं अख्खं लहानपण त्या चटईचे वळ मांडीवर घेऊन गेलं. आता तिथे कपडे धुऊन देणारे येणार म्हणे. मी मामाच्या गॅरेजसाठी चेन आणायला निघालो होतो, तर पाकनी आतून हाक मारली, "ए सप्तो! कॉलेज सोडलंस ना? मग रिकामाच असशील. हे पोतं उचल."

डोकं सटकलंच होतं. कॉलेज सोडलं म्हणजे रिकामा? दहा महिने मामाकडे ग्रीस खातोय ते काय? पण तोंड उघडायच्या आत पोत्यातून बिस्किटांचा लाल डबा घरंगळला. असल्या डब्यात बिस्किटं कुणाच्याच घरी नसतात, तांदळाच्या पापड्या असतात. म्हणून उघडला. (रोजा होता. फक्त वास घेणार होतो!)

वर पापड्यांचा तेलकट कागद. कागदावर – ताईत!!

काडेपेटीच्या पुड्याएवढी करडी डबी. मशीनच्या पाठीत खुपसायची. मग पडद्यावर कोड भरायचे, की गेम आपल्या बापाचा! मरण नाही, गोळ्या संपत नाहीत, पोत्यानं सोनं. दुकानात एकच होती, चार नंबरच्या मशीनला. आम्ही पोरं तिला ताईतच म्हणायचो. चार नंबरसाठी काय मारामाऱ्या व्हायच्या! माझा पुढचा अर्धा दात तिथेच गेलाय.

"घेऊन जा सगळं," पाक म्हणाले. "नाहीतर भंगारात. आणि ऐक, निकेन आलीये ईदला. पुढच्या रविवारी सकाळी जाते. आधी बेकासीला जपानी शिकायला, मग तिकडेच – म्हाताऱ्यांच्या इस्पितळात नर्स. तीन वर्षं."

पोतं खांद्यावर होतं म्हणून बरं. माझं तोंड दिसलं नाही.

निकेन. पाकची मुलगी. कोडची वही तिच्याकडे असायची.

आठ दिवस!

३ जुलै

चालतंय! चालतंय! चालतंय!

पोत्यातलं चार नंबरचं मशीन घरच्या टीव्हीला जोडलं, तर सीडी वाचेना. मग आठवलं – उलटं ठेवायचं! पाठीवर झोपवलं की जुनी मशिनं शहाण्यासारखी वागतात. पाक असंच करायचे, वर एक थापटही मारायचे. मी थापट मारली. सुरू!! तो सुरुवातीचा घुमणारा आवाज आला आणि अंगावर काटा. आई भाजी चिरता चिरता म्हणाली, "रोज्यात एवढं नाचू नकोस, चक्कर येईल."

पोत्यात वहीसुद्धा निघाली. शाळेची चौकटीची वही, निकेनचं अक्षर. प्रत्येक गेमचं एक पान, ओळीनं कोड. एका कोडमध्ये बारा अक्षरं-आकडे. एक चुकला तर पडदा काळा नाहीतर नायकाला डोकंच नाही! ती चटईवर मांडी घालून वाचून दाखवायची – "आठ, शून्य, शून्य... अरे हळू! तुझी बोटं आहेत की बेडूक?" – आणि मी भरायचो. इतर पोरांना ती कोड चिठ्ठीवर लिहून द्यायची. मला वाचून दाखवायची. हे मला आज कळतंय! बारा वर्षांचा असताना मला वाटायचं, हिला चिठ्ठी लिहायचा कंटाळा आहे. गाढव मी!

ती माझ्याहून एका वर्षानं मोठी. रीतीनं तिला म्बाक म्हणायला हवं, ताई. मेलो तरी म्हणणार नाही. आई मुद्दाम विचारते, "म्बाक निकेनला भेटलास का रे?" आणि गालात हसते.

ठरलं. निकेन जायच्या आत घंटांचा गेम पुरा करायचा. दोघांनी. चार नंबरच्या मशीनवर, ताईत लावून. आणि शेवट आला की तेव्हाच सांगून टाकायचं.

घंटांचा गेम! आठवड्यातून तीन दुपारी, दोन महिने. सात गावं, सात बुरूज, प्रत्येकात एक घंटा. सातही वाजल्या की समुद्र मागे हटणार. आम्ही नायकाचं नाव सप्तो ठेवलं होतं. बोलणं सगळं इंग्रजीत. निकेन शब्दकोश मांडीवर घेऊन अर्थ लावायची, मी तलवार चालवायचो. पाचवी घंटा वाजली आणि मग गाडं अडलं.

जुनं मेमरी कार्ड मशीनमध्येच होतं. आमचा सेव्ह जिवंत आहे! एकोणीस तास चाळीस मिनिटं.

४ जुलै

सकाळपासून खेळतोय. मामाला सांगितलं पोट बिघडलंय. मामा म्हणाला, "रोज्यात काय खाऊन बिघडलं?" फोन ठेवला.

तेच बंदर. तोच नावाडी. जवळ गेलं की एकच वाक्य – "अजून वेळ आली नाही." शंभरदा विचारा, शंभरदा तेच. होडी समोर आहे आणि हा हलत नाही!

२००७ मध्येही अस्संच. दोन आठवडे आम्ही त्याच्याशी डोकं फोडलं. मग माझं डोकं फिरलं. जॉयस्टिक आपटली आणि भरल्या दुकानात ओरडलो, "तुझ्या बाबांची सीडीच खोटी आहे! पुढचा गेमच नाहीये तिच्यात!" सगळी पोरं बघायला लागली. निकेनचे कान लाल. ती एवढंच म्हणाली, "बाबा खोटी सीडी ठेवत नाहीत." मी म्हणालो, "मग गप्प का बसलेत?" पाक खरंच गप्प होते, गल्ल्यामागे, वायर सोलत.

त्यानंतर मी गेलो नाही. इतर पोरंही म्हणायला लागली, मार्गोनोची सीडी खोटी. काहीजण चौकातल्या दुसऱ्या दुकानात जायला लागले. मी त्यांत पहिला.

आज दुपारी वही चाळत होतो. घंटांचं पान. सगळ्यात खाली भिंतीतून जाण्याचा कोड. माझा लाडका! तो चालू केला की दारं-बिरं गेली उडत, कुठूनही आत. पाचव्या बुरुजाच्या दाराशी राक्षस होता, तो मला हरेना. निकेन म्हणत होती, "थांब, दारानंच जाऊ, अजून एकदा लढ." ती पाणी आणायला गेली आणि मी कोड टाकून भिंतीतून आत! घंटा वाजवली, सेव्ह केलं, ती आल्यावर छाती फुगवून म्हणालो, "हरवला!"

त्या कोडच्या खाली लाल शाईत तिचं अक्षर. मी हे कधी पाहिलं नव्हतं –

"बुरुजात वापरू नका. दारातून गेलं तरच म्हातारी भेटते. म्हातारी होडीची चिठ्ठी देते. भिंतीतून जाऊन सेव्ह केलं तर गेम कायमचा अडकतो."

सीडी चांगली होती.

५ जुलै

लाल शाई. दिवसभर तेवढंच.

६ जुलै, ईद

सकाळी नमाज, नवा सदरा, आईच्या पायाशी बसून माफी, माडाच्या पानात शिजवलेला केतुपात भात आणि नारळाच्या रसातली कोंबडी, मग गल्लीभर घरोघर. सगळ्यांचं एकच वाक्य – मनातल्या, बाहेरच्या सगळ्या चुका माफ करा. ते म्हणतात आमच्याही करा. झालं! वर्षाचा हिशेब साफ.

मी रात्रीच ठरवलं होतं. आजच्या दिवसापेक्षा सोपा दिवस नाही! एक वाक्य म्हणायचं, त्यात सीडीपण आली, भिंतपण आली. कटकट मिटली, मन मोकळं!

पाकच्या घरी गर्दी. त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसलो, हात हातात घेतले, वाक्य म्हणालो. त्यांनी डोक्यावर थोपटलं, मशीनला थोपटायचे तसंच. मग निकेन. निळा पोशाख. केस सैल स्कार्फात, पण कान ओळखू आले! मी हात पुढे केले. "मनातल्या, बाहेरच्या सगळ्या चुका माफ कर."

ती म्हणाली, "कशाबद्दल?"

"म्हणजे?"

"कुठल्या चुकीबद्दल माफी मागतोयस? सांग ना."

"सगळ्याच. मनातल्या, बाहेरच्या."

"सगळ्या म्हणजे एकही नाही." ती हसली, पण डोळे हसत नव्हते. "कोड टाकलास आणि सुटलास! नाही का?"

तिच्या आत्या फसकन हसल्या. एकजण म्हणाली, "अगं पोराला आधी कोंबडी तरी वाढ, मग काप." तोंडात वाक्य तयार होतं. सीडी चांगली होती. तीन शब्द! आणि माझ्या तोंडून काय निघालं? "जपानला जाऊन म्हाताऱ्यांना छळ, मला नको!"

आणि बाहेर. खाल्लंही नाही.

सुराबायाच्या कॉलेजातही असंच केलं. सरांनी माझं ड्रॉइंग परत दिलं – "परत काढ, घाई दिसते." मी पट्टी टेबलावर आपटली आणि बसस्टँड गाठलं. तिसरं सेमिस्टर अर्ध्यावर. परत काढायला दोन दिवस लागले असते!

७ जुलै

आई: "तुझ्या एका पायात तुझी चप्पल आहे आणि दुसऱ्यात कुणाची रे?"

पाकची. डावी. दोन नंबर मोठी. काल त्या तिरमिरीत भर गल्लीतून असाच आलो!

"तणतणत निघालं की असं होतं," आई म्हणाली. "कॉलेजातून आलास तेव्हापण तुझ्या पिशवीत दुसऱ्याच मुलाचा टॉवेल होता."

८ जुलै

आज शेवटचा प्रयत्न. म्हातारीला परत आणायचा कोड असेल का? मामाच्या पोराच्या फोनवर इंटरनेटवर जुन्या गेमवाल्यांची एक जागा सापडली. काय लोक आहेत! वीस-वीस वर्षांपूर्वीचे ताईत जपून ठेवलेत, रंगानुसार मांडलेत! एकानं लिहिलंय, त्याची बायको म्हणते एकतर मी नाहीतर ती डबी. खाली सतरा जणांनी विचारलंय – डबी कोणती? हसून हसून पडलो. तासभर मीही लिहीत बसलो. केदिरी, चटई, चार नंबर, उलटं मशीन. सगळ्यांची मशिनं उलटी होती! सगळ्यांकडे एक वही होती! एवढा आनंद मला वर्षभरात झाला नव्हता.

मग विचारलं. अर्ध्या तासात तिघांची उत्तरं. नाही. ताईत पैसे देतो, जीव देतो, भिंती उघडतो. न घडलेली भेट घडवून देत नाही. एकानं लिहिलं – "मित्रा, आधीचा सेव्ह असेल तर तिथून दारातून जा. नसेल तर पहिल्यापासून."

आधीचा सेव्ह नाही.

उद्या चप्पल परत द्यायची.

९ जुलै

दिली! चप्पल दिली आणि सांगितलंही!

निकेन ब्लितारला मावशीकडे निरोप घ्यायला गेलेली. पाक दुकानात एकटेच, चार नंबरचा टीव्ही भिंतीवरून काढत होते. दारातच म्हणालो – आत गेलो असतो तर जमलं नसतं – "पाक, सीडी चांगली होती."

"कुठली सीडी?"

"घंटांची. दोन हजार सातची. मी भिंतीतून गेलो होतो. चूक माझी होती आणि ओरडलो तुमच्यावर. पोरांसमोर."

पाकनी टीव्ही खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. आणि हसायला लागले! हसता हसता खोकला आला, मीच पाणी दिलं.

"अरे येड्या, मला तेव्हाच ठाऊक होतं. पोरं कुरकुरली म्हणून मी नवी सीडी आणली असं सांगितलं. सीडी तीच! कव्हर नवं! सगळ्यांना पटलं – आता कशी झक्कास चालते!"

"मग मला का नाही बोललात?"

"तू येणंच बंद केलंस. सांगू कुणाला, चटईला?" मग डावी चप्पल पायात घालून बघत म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मी विसरलोही होतो. जिला सांगायचं ती रात्री उशिरा येते आणि सकाळी नऊ चाळीसच्या गाडीनं जाते."

निघताना मागून हाक. "सप्तो! डब्यातला कागद उचलून खाली बघितलंस का? तू गेल्यावर निकेन वर्षभर तुझ्या जागेवर बसायची. ताईत काढून ठेवून. मी म्हणायचो, अगं लाव की, लवकर संपेल. ऐकायची नाही."

घरी येऊन तेलकट कागद उचलला. खाली दुसरं मेमरी कार्ड. निळं.

हातात घेऊन बसलोय. लावायची हिंमत नाही. मी! ज्यानं सरांच्या टेबलावर पट्टी आपटली!

१० जुलै, रविवार, सकाळचे आठ

लावलं.

एकच सेव्ह. अठ्ठावन्न तास बारा मिनिटं. पहिल्यापासून. नायकाचं नाव – सप्तो! होडीची चिठ्ठी त्याच्या झोळीत. सहा घंटा वाजलेल्या. तो सातव्या बुरुजाच्या दाराबाहेर उभा आहे. दार समोर. एक बटण दाबलं की उघडणार. ते तिनं दाबलंच नाही. तेव्हापासून तो तिथेच उभा!

माझा अंगठा बटणावर होता. उचलला.

मशीन बंद केलं. ताईत डब्यात, डबा आईकडे – पापड्या भर म्हटलं. निळं कार्ड सदऱ्याच्या खिशात. स्टेशन पायी वीस मिनिटं. आधी एकच चूक सांगायची, नाव घेऊन. मग दुसरी गोष्ट.

दोन्ही चपला माझ्याच आहेत, बघितल्या. निघालो. दार ओढून घेतो.