मुख्य चालक

३ फेब्रुवारी, सोमवार

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! मावसभावाची जुनी गाडी घेतली, एका दाराला गंज, मागची काच अर्धीच खाली येते. आणि तिचा विमा तिच्या किमतीपेक्षा जास्त. पाच ठिकाणी विचारलं. वय? वीस. लायसन्स कधी मिळालं? डिसेंबरमध्ये. मग समोरचा माणूस कॅलक्युलेटर ओढतो, आणि मग आकडा. एकजण तर म्हणाला, "ताई, अजून पाच वर्षं थांबा की."

पाच वर्षं! लाँड्री थांबणार आहे का? पहिली पाळी साडेपाचला, पहिली बस सहाला. हॉस्पिटलच्या चादरी कुणासाठी अडून राहत नाहीत. दोन महिने बाबाच मला सोडतायत. मला सोडून घरी येतात, चहा घेतात आणि लगेच शाळेची व्हॅन काढतात. परवा जेवताना ताटावरच पेंगले. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

विमेवाले काका घरी आले होते. म्हणे, "वीस वर्षांची पोर दिसली की कंपनीला घाम फुटतो. पण हिच्या बाबांचं रेकॉर्ड बघा. तीस वर्षं, एक ओरखडा नाही." त्यांची युक्ती अशी, की पॉलिसी बाबांच्या नावावर घ्यायची. मुख्य चालक बाबा. मी आपली 'कधीमधी चालवणारी'. हप्ता एकदम तिसऱ्या हिश्श्यावर आला.

बाबा म्हणाले, "पण चालवणार तर रोज तीच."

आई म्हणाली, "कधीमधी म्हणजे किती, हे मोजायला कोण येतंय?"

काका म्हणाले, "सगळेच करतात हो."

आणि मी काय म्हटलं? "बाबा, नुसती सही तर आहे."

त्यांनी चष्मा लावून तीनही पानं वाचली. ओळ न् ओळ. मग सही केली आणि पेन टोपण न लावताच टेबलावर ठेवलं. बाबा टोपण लावल्याशिवाय पेन ठेवत नाहीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एकटी गेले. वेळेवर पोचले. कुणी हॉर्नसुद्धा वाजवला नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शेजारच्या आजोबांनी जिन्यात विचारलं, "गाडी कुणाची म्हणायची?" बाबा म्हणाले, "माझी." माझ्याकडे बघितलं नाही. मी पण चपलांकडे बघत बसले.

२४ मार्च, सोमवार

ठोकली.

लाँड्रीच्या मागच्या गल्लीत, रिव्हर्स घेताना. चष्म्याच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीवर. दार आत गेलं, आरसा लोंबकळला. आवाज असा झाला, की वाटलं माझंच काहीतरी मोडलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, दुकान बंद. पळून जाता आलं असतं. पळाले नाही, एवढंच काय ते. चिठ्ठी लिहिली, "माफ करा", खाली गाडीचा आणि घरचा नंबर, आणि वायपरखाली खोचली.

दिवसभर चादरींच्या घड्या करत होते. सुपरवायझरला आम्ही 'इस्त्री' म्हणतो, तिच्या अंगावरच्या कपड्यांना कधी सुरकुती नसते म्हणून. ती म्हणाली, "आज तुझ्या घड्या वाकड्या का गं?" म्हटलं, डोकं दुखतंय. गाडीच्या मागच्या भागाला फक्त पोचा आलाय, म्हणून भिंतीला चिकटवून लावली. घरी सांगितलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

कंपनीचा फोन मीच उचलला. पांढरी गाडी चष्म्याच्या दुकानवाल्याचीच, त्याने गाडीच्या नंबरावरून भरपाई मागितली आहे. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलत होता. "गाडी तुमचे वडील चालवत होते ना?"

मी म्हटलं, "हो."

विचारसुद्धा केला नाही. जीभ आपोआप वळली. फोन ठेवला आणि मग कळलं मी काय करून बसले ते.

२६ मार्च, बुधवार

बाबांना सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "कुणाला लागलं का?" मग म्हणाले, "तुला?" मग उठून गाडीमागचा पोचा बघून आले.

विमेवाल्या काकांना फोन केला. युक्ती सुचवताना केवढे मोकळेढाकळे होते, आज दबक्या आवाजात बोलत होते. खरं सांगितलं तर भरपाई नाही, पॉलिसी रद्द, आणि फसवणूक केली म्हणून माझं नाव लागलं तर पुढे कुणी मला विमा देणार नाही. म्हणजे गाडी गेली. म्हणजे नोकरी गेली.

बाबा म्हणाले, "चौकशीला कुणी आलं, की मी बोलेन." आई स्वयंपाकघरात भांडी जोरजोरात घासत होती.

मला रागावले असते तर बरं झालं असतं.

३० मार्च, रविवार

हे लिहायलाही लाज वाटते. पण लिहिते.

बाबा म्हणाले, "मला ती जागा दाखव." गेलो. गल्ली रिकामी होती. ते गाडीत बसले, मी बाहेर. मी कुठे थांबले होते, चाक किती वळवलं, पाय कशावर होता, सगळं विचारत होते. एखादा मुलगा पाठ करतो तसं करत होते. माझी चूक पाठ करत होते!

दोनदा गाडी मागे घेतली. दोन्ही वेळा जिथे मी ठोकली तिथे त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. खाली उतरून म्हणाले, "अगं, पण हे होईलच कसं? आरशात बघितलं की पूर्ण दिसतंय. तू बघितलं नाहीस?"

मग मला सांगावंच लागलं. फोन वाजला होता. मी आरशात नाही, फोनमध्ये बघत होते.

त्यांनी रुमाल काढून उगाच हात पुसले. म्हणाले, "फोनचं नको सांगायला. मला दिसलं नाही असं सांगतो. वय झालं, नजर चुकली. ते पटेल कुणालाही."

येताना गाडी त्यांनीच चालवली. मी शेजारी बसले. वाटेत म्हणाले, "पोळ्या करपल्या म्हणून आई सकाळी चिडली होती." एवढंच.

२ एप्रिल, बुधवार

चौकशीचा माणूस आला. तरुण होता, माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठा. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं. नजर चुकली, मागचं दिसलं नाही. तो लिहिता लिहिता म्हणाला, "तीस वर्षं गाडी चालवता ना काका? मग असं कसं?" बाबा हसले. म्हणाले, "म्हातारपण, दुसरं काय."

सोबत चष्मेवाला होता. भला माणूस. जाताना बाबांचा हात धरून म्हणाला, "दुकानात या, डोळे फुकट तपासून देतो." बाबा म्हणाले, "येईन."

मी चहाचा ट्रे धरून दारात उभी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

क्लेम मंजूर होणार म्हणे. काकांचा फोन आला, "सुटलात!"

१० एप्रिल, गुरुवार

बाबांची व्हॅन गेली.

शाळेत दरवर्षी एक कागद भरून घेतात. वर्षभरात अपघात झाला का? हो की नाही. बाबांनी 'हो' लिहिलं. आई ओरडली, "कुणी विचारलं होतं? तुम्ही तर ठोकलीच नाही!" बाबा म्हणाले, "एका कागदावर हो आणि दुसऱ्यावर नाही, असं कसं लिहू?"

शाळेने तीस वर्षांचा मान राखला, काढलं नाही. व्हॅन दुसरा चालवणार. बाबांनी शेजारच्या सीटवर बसायचं, पोरांना हात धरून उतरवायचं.

११ एप्रिल, शुक्रवार

पाळी सुटल्यावर सिग्नलला व्हॅन दिसली. नवा ड्रायव्हर गाणं म्हणत होता. शेजारी बाबा. सिग्नल हिरवा होत आला तेव्हा त्यांचा उजवा हात गिअरकडे गेला आणि परत मांडीवर आला.

मी रोज ज्या गाडीने कामाला जाते, तिच्यात बसून हे बघितलं.

१३ एप्रिल, रविवार

आईला म्हटलं, मी कंपनीला खरं सांगणार. ती पीठ मळत होती. म्हणाली, "आता सांगून काय होईल, कळतंय का? आज लोक म्हणतात नजर चुकली. उद्या म्हणतील माणूस खोटारडा. तुझं मन हलकं करायला त्यांना दुसऱ्यांदा खाली ओढू नकोस."

ती म्हणते त्यात खोटं काहीच नाही. तोच तर घोळ आहे.

मग बाबांना विचारलं. ते पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "फोन करशील तेव्हा मी घरी असेन अशा वेळी कर."

१४ एप्रिल, सोमवार

दुपारी केला. सगळं सांगितलं. पहिल्या दिवसापासून रोज मीच चालवते, फोनकडे मीच बघत होते, ठोकली मीच. बाबा समोरच्या खुर्चीत बसले होते. पलीकडच्या बाईंनी सगळं टाइप करून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे वडिलांनी खोटा जबाब दिला, असं नोंदवावं लागेल. नोंदवू का?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली.

मी म्हटलं, "हो. नोंदवा."