अबोलीच्या कुंडीतला आकडा

सारसोळे, मंगळवार संध्याकाळ

इतक्या दिवसांनी वही उघडतोय, माफी असावी. हिंमतच होत नव्हती. बायकोने लावलेली अबोली सुकली. बायको गेल्यावर तिची तेवढीच खूण उरली होती.

दुबईला जाताना निलेशने कुंडीत मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर खोचून, आकडा दाखवणारा छोटा बोर्ड लावून दिला. "बाबा, आकडा सातशेवर गेला की माती कोरडी समजा, मगच पाणी घाला. आईसारखं रोज ओतू नका." आकडा चारशेच्या आसपासच हलत राहिला, म्हणून मी पाणी घातलंच नाही. मी एकदाही मातीत बोट घातलं नाही. आज पाहिलं तर वायर बोर्डातून निसटलेली, आकडा तरी चारशेच. वायर सुटली तरी बोर्डाची मोकळी पिन काहीतरी आकडा दाखवतेच, हे पोराने सांगितलं होतं का? मीच विसरलो का? खोडाशी जरा हिरवं दिसतंय. पाणी घालू की नको?

निलेश, लवकर फोन कर रे.