बंदुकीचं ना-हरकत पत्र

बाबा, तुमची बंदूक अजून पोलीस ठाण्यातच आहे. तुम्ही गेलात त्याला बारा वर्षं झाली. तुमचे तेरा दिवस झाल्यावर मीच ती सौंसरला नेऊन जमा केली आणि पावती पोथ्यांच्या कपाटात ठेवली. त्यानंतर घरात तिचं नाव कोणी फारसं काढलं नाही. आता लहान्याने काढलं आहे. तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन संत्र्याच्या बागेत फिरवायचे तो लहान्या आता सदतीस वर्षांचा झाला, आणि त्याला ती बंदूक वारस म्हणून आपल्या नावावर करून पाहिजे आहे. पांढुर्णा आता जिल्हा झाला, हे तुम्हाला माहीत नसणार. तुमच्यासारखे छिंदवाड्याला हेलपाटे मारावे लागत नाहीत, कलेक्टर इथेच बसतो. अर्जासोबत बाकीच्या वारसांचं शपथपत्र लागतं, आमची काही हरकत नाही म्हणून. आईने अंगठा दिला. "तुमी दोघं भाऊ ठरवा, मी तुमच्या मधात नाई," एवढंच म्हणाली. माझी सही राहिली होती. ती करायची की नाही, यावर माझे पंधरा दिवस गेले.

लहान्याचं सगळंच खोटं आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या वेळी रानडुकरं नाल्यापर्यंत यायची, आता गावाच्या आखरापर्यंत, गुरं जमतात तिथवर येतात. मका तर आम्ही लावणंच सोडलं. भुईमूग निघायच्या आधी ते काढतात. नव्या लावलेल्या संत्र्याच्या कलमांची मुळं उकरून टाकतात, आणि तीन वर्षं जिवापाड जपलेलं झाड सकाळी आडवं पडलेलं दिसतं. बोरगावच्या बाजूला एकाने कुंपणात करंट सोडला तर त्याचाच बैल चिकटून मेला. बैलाच्या जागी माणूसही असू शकला असता. हे सगळं मला दिसतं. म्हणून चार गावच्या कास्तकारांनी निवेदन द्यायचं ठरवलं, शेतीरक्षणासाठी बंदुकीची लायसनं मोकळी करा म्हणून, तेव्हा मीही मारुतीच्या देवळात बैठकीला गेलो.

बैठक कसली, नुसता कालवा होता. एक जण म्हणत होता, "डबे वाजवून वाजवून हात भरून आले. डुक्कर आता भेत नाई, उभं राहून पाहाते, का आज वाजवाले कोन आलं म्हून." सगळे हसले. लहान्या पुढे बसला होता. तो म्हणाला, "आमच्या बाबाजवळ लायसन होतं. आमच्या घरचा तो हक्क हाये, आमी काई भीक मागून नाई राहिलो." मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "लायसन म्हणजे परवानगी. त्यात हक्क कायचा आला?" त्यावर मागून कोणीतरी ओरडलं, "महाराज, तुमी टाळ वाजवा! डुकरं येऊन भजनात बसतीन!" मी दर एकादशीला देवळात भजन करतो म्हणून गाव मला महाराज म्हणतं. त्यातला मान किती आणि थट्टा किती हे मला कळतं. मग दुसरा एक म्हणाला, "गोटमारीच्या जत्रेत दर साली एकमेकाले गोटे मारून सावरगावची अन् पांढुर्ण्याची डोकी फुटतात. मंग जाम नदीतल्या गोट्यालेबी लायसन लावा ना." मी म्हणालो, "गोटा कोणी घरात आणून, भरून, भिंतीले टेकवून ठेवत नाई."

माझ्या तोंडून ते निघून गेलं. सगळे लहान्याकडे पाहू लागले, कारण आईचा तुटका हात सगळ्या गावाला माहीत आहे. लहान्याचा चेहरा उतरला. तो रागावला नाही, समजावल्यासारखा हळू आवाजात म्हणाला, "दादा, भरून कोनी ठेवली होती? कपाटात कुलूप लावून होती. आईनं काढली. बंदुकीची काय चूक त्यात? आईची चूक झाली, तेच सांगते ना." बाबा, तो खोटं बोलत नव्हता. त्या दिवशी तो सहा वर्षांचा होता. त्याला जे माहीत आहे ते मी लिहिलेल्या कागदातून माहीत आहे.

तुम्हाला तो दसरा आठवतो का, मला माहीत नाही. तुम्ही कधी त्याचं नाव घेतलं नाही. मला मात्र तो अजून कालचा वाटतो. स्वयंपाकघरात देवांच्या कोनाड्याखाली आई सारवते आहे. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, वखराची पास, सगळं धुऊन मांडलेलं. मधोमध तुमची एकनळी बंदूक, भिंतीला टेकवून, नळीला झेंडूचा हार. तुम्ही काडतूस नळीत सरकवता आणि घोड्यावरून अंगठा फिरवता. मी सतरा वर्षांचा आहे, बंदूक रिकामी ठेवावी हे शाळेच्या कवायतीत शिकलो ते ताजं आहे, म्हणून मी पाहुण्यांसमोर विचारतो, "बाबा, पूजेले भरून कायले ठेवता?" तुम्ही मान वर करता. "रिकामी बंदूक म्हणजे दांडकं. दांडक्याची पूजा करू का मी? तू टाळकुटा झाला म्हून घरातल्या शस्त्राले उपाशी ठेवू?" पाहुणे हसतात. माझे कान गरम होतात. आई सारवताना एकदा माझ्याकडे पाहते आणि पुन्हा खाली पाहते.

तुम्ही दर दसऱ्याला ती भरून ठेवत होता आणि सोनं वाटून लोक गेले की काडतूस काढत होता. त्या वर्षी लोक उशिरापर्यंत आले. कोणाच्या लेकीच्या लग्नाचं बोलणं निघालं, वरातीत दोन बार तुम्हीच काढायचे असं ठरलं, तुम्ही खुशीत होता. काडतूस नळीतच राहिलं. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आईचा उपास. ती चुलीवर भगर ठेवून निर्माल्य उचलायला, नळीचा हार काढायला वळली. मी बाहेर बैलांना पाणी पाजत होतो. आवाज आला तेव्हा मला वाटलं, तुम्ही अंगणातून डुकरावर बार काढला.

आत गेलो तर आई भिंतीला पाठ लावून बसली होती आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहत होती, जसा तो दुसऱ्याच कोणाचा आहे. फुलं सगळीकडे पसरली होती. ती म्हणाली, "भगर उतरव रे, खाली लागंन."

नागपूरच्या दवाखान्यात मनगटापासून हात काढला. तिसऱ्या दिवशी ठाण्यातून हवालदार आला, बयान पाहिजे म्हणून. तुम्ही त्याला चहा प्यायला खाली पाठवलं आणि मला व्हरांड्यात घेऊन गेले. तुमच्या खिशात कोरा कागद तयार होता. म्हणाले, "तुहं अक्षर चांगलं हाये, अन् हिंदी बरोबर येते. लिही." मी कठड्यावर कागद ठेवून लिहिलं. मैं अपने होश में यह बयान देती हूँ. बंदूक अलमारी में ताले में रखी थी. सफाई के लिए मैंने बिना पूछे निकाली. इसमें मेरे पति की कोई गलती नहीं है. 'बिना पूछे' हे शब्द तुम्ही दोनदा सांगितले, कारण पहिल्यांदा मी ते लिहिले नव्हते. मी म्हणालो, "पन बाबा, ती तर भिंतीले..." तुम्ही माझं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. "लायसन गेलं तर गावात तोंड कोनाले दाखवू? तिचा हात तर गेलाच ना आता. तो परत येते का खरं लिहून?"

मग मी तो कागद आईला वाचून दाखवला. तिला हिंदी नीट कळत नव्हती, म्हणून एकेक ओळ मराठीत सांगितली. ती औषधाच्या गुंगीत होती. डोळे मिटून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "असंच झालं का रे?" तुम्ही पलंगाच्या पायथ्याशी उभे होता. मी म्हणालो, "हो आई." ती म्हणाली, "मंग ठीक हाये." आणि डावा अंगठा पुढे केला.

परत येताना तुम्ही मला नागपुरात थांबवून पितळी टाळांची जोडी घेऊन दिली. चांगली, जड, नाद भरून राहणारी. तोवर मी देवळातले फुटके टाळ वाजवत होतो आणि तुम्ही त्यावरून मला बोलत होता. गाडीत तुम्ही म्हणाले, "वाजवत जा. मी नाई म्हनत नाई आता." मी ते घेतले, बाबा. नको म्हणालो नाही. एकतीस वर्षं मी त्यांच्यावर देवाचं नाव घेतो आहे, आणि ते मला कशाबद्दल मिळाले हे फक्त त्या देवाला आणि तुम्हाला माहीत होतं.

तुमचं लायसन राहिलं. पुढच्या दसऱ्याला बंदूक पुन्हा भिंतीला टेकवली गेली, आणि आईने डाव्या हाताने तिला हळद-कुंकू लावलं. लावताना तिने बंदुकीला नमस्कार केला आणि हळूच म्हणाली, "माफ कर माय." कोणाची माफी कोण मागत होतं! मी ते ऐकलं, तुम्हीही ऐकलं. तुम्ही खाकरून बाहेर गेले. भाकर ती आजही एका हाताने थापते. थापायला वेळ लागतो, मग सुनेला म्हणते, "मी धांदरट, माह्याच्यानं लवकर होत नाई."

आणि त्या बंदुकीने केलं काय? मी हिशोब लावायला बसलो तर एक डुक्कर आठवलं. तेही जखमी होऊन नाल्यात जाऊन मेलं आणि आठ दिवस वास मारत राहिलं. बाकी सगळे बार वरातीत गेले. निवडणूक लागली की सगळ्यांना बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागत. तुम्ही आईच्या जुन्या लुगड्यात ती गुंडाळून बसने न्यायचे, पण नळीचं टोक मुद्दाम बाहेर ठेवायचे, लोकांना दिसावं म्हणून. ती परत मिळेपर्यंत तुम्ही पारावर बसत नव्हता. "सरकारनं माहे दात काढून नेले," म्हणायचे. पिकाची राखण तेव्हाही आई आणि मी डबे वाजवूनच करत होतो.

मागच्या सोमवारी लहान्या मला मोटारसायकलवर पांढुर्ण्याला घेऊन गेला. कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहिणारा बसतो, त्याने शपथपत्र तयार ठेवलं होतं. सगळं टाइप केलेलं, फक्त माझी सही बाकी. त्यात एक ओळ होती की या शस्त्राने आजवर कोणतीही दुर्घटना शस्त्रधारकाच्या निष्काळजीपणामुळे झालेली नाही. मी ती तीनदा वाचली. लहान्या म्हणाला, "काय पाहून राहिला दादा? कर ना." मी म्हणालो, "मी नाई करत." तो पाहतच राहिला. "काऊन?" अर्ज लिहिणाराही चष्मा वर करून पाहू लागला.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तोंडाशी आलं होतं, की बाबांनी भरून ठेवली होती, कपाट नव्हतं, कुलूप नव्हतं, कागद मी लिहिला. चार वाक्यं. मी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि म्हणालो, "मी माळकरी मानूस. जीव घ्यायच्या वस्तूवर माही सही नको." अर्ज लिहिणाऱ्याने हात जोडले. परत येताना लहान्या म्हणाला, "तुह्या देवानं तुले मोठा केला दादा, पन माह्या बागेतलं डुक्कर त्याले दिसत नाई." तो खरं तेच म्हणाला. त्याच्या बागेत परवा पुन्हा अकरा कलमं आडवी पडली, आणि मी उपदेश करणारा मोठा भाऊ झालो. गावातही पसरलं, महाराजांनी बंदुकीला नकार दिला म्हणून. बैठकीत मागून ओरडणारा आता वाटेत भेटला की वाकतो.

तुमच्यावरचा राग घेऊन मी हे लिहायला बसलो होतो. वाटलं होतं, सगळं लिहून तुमच्या माथी मारीन आणि मोकळा होईन. पण हा कागद तुम्हाला काय उपयोगाचा? तो वाचून दाखवायचाच असेल तर आईला दाखवायला पाहिजे, मराठीत आहे, तिला एकेक ओळ कळेल. ती आत्ता ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलते आहे, शेंग गुडघ्याखाली दाबून. सोमवारी घरी आलो तेव्हाही ती तिथेच होती. लहान्याने सांगितल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं केलं बाप्पा. माह्यासारख्या धांदरट बाईच्या घरात ते नकोच."

मी चपला काढल्या, पाय धुतले आणि आत गेलो. काही बोललो नाही, बाबा. आणि या वेळी तर गप्प बस म्हणून सांगायला तुम्हीही उभे नव्हता.