शेजारच्या सीटचं दार

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी फोन धड उचलत नाही, उचलला तर हं-हं करून ठेवतो, म्हणून रागावली आहेस. पण बोलू काय? बाबा समोरच खुर्चीत असतात. अर्धांगाच्या झटक्याने डावा पाय आणि डावा हात गेला, कान मात्र अजून तिखट आहेत. म्हणून हे दुकानात बसून लिहितोय, खिडकीच्या एका ग्रिलवर कागद ठेवून.

बाबा तुझ्याकडे राहायला यायला तयार झाले. थांब, उड्या मारू नकोस, अट ऐक. येणार ते त्यांच्या जुन्या पिकअपमधूनच. बस नको, टॅक्सी नको, भाऊजींची गाडी तर मुळीच नको, तिच्यात बसलं की गुडघे हनुवटीला लागतात म्हणे. आयुष्यभर या गाडीने माझ्या नर्सरीतली रोपं वाहिली, आता मला वाहील, असं मला ठणकावून सांगितलं.

इंजिनाची काही तक्रार नाही. रड आहे ती दारांची. दोन्ही दारं खालून सडली आहेत, आणि शेजारच्या सीटचं तर मी दोरीने बांधलंय. बोट लावलं की पत्रा भुगा होऊन हातात येतो. दारात शिरलेलं पाणी निथळून जायला तळाशी बारीक भोकं असतात ना, ती सगळी डांबराने बुजवलेली निघाली. हा पराक्रम बाबांचा. धूळ आत येते म्हणून बुजवली म्हणाले. धूळ थांबली असेल, पण पाणी वर्षानुवर्षं आतच साचलं.

तर आता कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा. झालं की त्यांना घेऊन येतो. मग थोडे महिने तू सांभाळ. खरं सांगू का ताई, मला दुसरं काही नको, झोप हवी आहे. रात्री सारखं त्यांना उचलून न्यावं लागतं आणि सकाळी दुकान असतंच. आई गेल्यापासून सलग झोपल्याचं आठवत नाही. परवा वेल्डिंग करता करता डुलकी लागली आणि मनगट भाजलं. थोडक्यात निभावलं.

भाऊजींना नमस्कार सांग. आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
ठोक्या


२० फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

अरे, मनगट भाजलं हे असं बाजारभाव कळवल्यासारखं लिहितात का? मी वाचून जेवले नाही. डॉक्टरला दाखवलंस की हळद लावून मोकळा झालास ते आधी कळव. हातात आग घेऊन डुलक्या कसल्या काढतोस!

खालची खोली रिकामी केली. माझं शिलाई मशीन वर गेलं, गिऱ्हाइकं आता जिना चढताना मला शिव्या देतात. खाट खिडकीपाशी लावली आहे. ह्यांनी न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. तो एकदा उपटून हातात आला, दुसऱ्यांदा बसवला. इथे बसून नुसती काळजी करायचा मला वीट आलाय रे. त्यांना लवकर आण आणि तू घरी जाऊन पालथा पड.

दारं काही नटवायची नाहीत, लागली म्हणजे झालं. डांबराचा विषय बाबांपुढे पुन्हा काढू नकोस, आजारी माणूस आहे. जिवाला जप, आणि या म्हातारीवर लोभ ठेव.

तुझी,
ताई


१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हात बरा आहे, डॉक्टरला दाखवला.

दारांनी मात्र माझा पार पिट्ट्या पाडला. मी पडलो ग्रिलवाला. जाड सळई, एका दमात सलग वेल्डिंग, ही आमची सवय. तसंच या पातळ पत्र्यावर केलं आणि तो तापून असा वेडावाकडा झाला की बघवेना. बाबा खुर्चीत बसून खूप हसले. झटका आल्यापासून इतके हसलेले मी पाहिले नव्हते, त्यामुळे रागावताही येईना. मग सगळं पुन्हा कापलं. एक ठिपका जोडायचा, थांबायचं, गार झाला की लांब दुसरीकडे जोडायचा. बाबा म्हणतात, रोपाला पाणी घालावं तसं, थोडं थोडं.

माझ्या बाजूचं दार झालं, छान लागतं. बाबांच्या बाजूचं लावलं, संध्याकाळी ठीक होतं, दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर खाली लोंबतंय, चौकटीला घासतंय. बिजागरीच बदलली. पुन्हा तेच. माझ्या हातातलं कसब गेलं की काय कोण जाणे. दुपारी जेवण झालं की मी तिथेच गाडीत बसून पेंगतो, उठलो की त्या दाराचं तोंड वाकडं. पार कंटाळलोय.

यायला उशीर होतोय, रागावू नकोस. लोभ होता तेवढा असू दे.

तुझा,
ठोक्या


२३ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही, पण एक विचारते, खरं उत्तर दे. एवढी मोठाली फाटकं बसवणारा तू, आणि तुला एक दार लावता येत नाही? की बाबांना सोडायला तुझंच मन होत नाही? तसं असेल तर तसं सांग, मी मशीन खाली आणते. पण असा झिजून मरू नकोस.

तुझी,
ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून असा संतापलो की फाडणारच होतो. मी त्यांना सोडत नाही? मी तर दिवस मोजतोय!

मग काल झोपेचं सोंग घेतलं. जेवण झाल्यावर गाडीत मान टाकून पडलो आणि डोळे किलकिले ठेवले. थोड्या वेळाने आपले बाबा खुर्ची सरकवत सरकवत दारापाशी आले, धोतरात लपवलेला पाना काढला आणि चांगल्या हाताने बिजागरीचे बोल्ट एकेक करून सैल करू लागले. मुद्देमालासकट पकडलं. मी नको नको ते बोललो. इतके दिवस मला वेड लावलंत, तुमच्यापायी माझी हाडं खिळखिळी झाली, असंही बोललो. ते खाली मान घालून पाना धोतराला पुसत बसले. रात्री जेवलेही नाहीत. आता मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

त्यांना तुझ्याकडे यायचंच नसेल. तू त्यांना लिही, तुला सांगतील. माझ्यात आता जोर उरला नाही. तुझ्याशिवाय हे कुणाला लिहू?

तुझा,
ठोक्या


११ एप्रिल

चि. सौ. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो. 

तुझ्याकडे यायला माझी ना नाही. उलट तुझ्या हातचा चहा प्यायची फार इच्छा आहे. मला धास्ती आहे ती त्याच्या परतीची. मला उतरवून हा एवढा रस्ता एकटा गाडी हाकणार, शेजारची सीट रिकामी. बसल्या जागी झोपणारं हे पोर, त्याला जागं कोण ठेवणार? आणि घरी पोचून कुलूप काढलं की आत कोण आहे? तुझी आई गेल्यावर हा जेवायला बसतो तो मला वाढायचं म्हणून. मी नसलो की दोन घास खाऊन पुन्हा ग्रिल ठोकत बसेल. झोपेन म्हणतो, पण रिकाम्या घरात झोप येत नाही, हे मला ठाऊक आहे. त्याला बस म्हटलं तर बसणार नाही, थांब म्हटलं तर थांबणार नाही. मला सुचलं ते मी केलं. वेडेपणा केला, त्याचे हाल वाढवले.

तर आता माझी दुसरी अट. त्या खोलीत आणखी एक खाट टाक. त्याच्यासाठी. रात्री मला काही लागलं तर तुला हाक मारीन, त्याला मारणार नाही. दुकानाला टाळं लागलं म्हणून कोणाच्या खिडक्या पळून जात नाहीत. हे त्याला तू सांग, तुझं ऐकतो.

बोल्ट आज मी स्वतः आवळले. त्याला अजून माहीत नाही. तो गाडीतच झोपलाय, माझ्या सीटवर, तोंड उघडं टाकून, लहानपणी रोपांच्या मध्ये झोपायचा तसा. ऊन तोंडावर येत होतं म्हणून मी दार लोटलं. आवाज न करता लागलं. उठला नाही.

जावयांना आशीर्वाद. दोघांना घ्यायला दारात उभी राहा.

तुझे,
बाबा