मावशींच्या बाजूची भिंत

५ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

खचलेलं घर पाडायला माणूस शोध, असं तू सहज लिहून गेलास. बांधणाऱ्याचं काम बघायला जाता येतं. पाडणाऱ्याचं बघायला गेले, तर तीन ठिकाणी नुसती मोकळी जागा. हसू नकोस, उन्हात उभं राहून मी ती नीट निरखलीसुद्धा. चौथ्या ठिकाणी मात्र सुचलं आणि शेजारचं दार वाजवलं. तिथल्या बाईंनी आपलं स्वयंपाकघर दाखवलं. पलीकडचं घर गेलं तेव्हा फळीवरची बशीही हलली नाही म्हणाल्या. त्या माणसाला धंद्यातले लोक गोगलगाय म्हणतात. त्यालाच बोलावलं आहे.

माझी काळजी तुला ठाऊक आहे. आपली आणि शिवणवाल्या मावशींची भिंत एकच, आणि तिला लागून त्यांची खाट. खुबा मोडल्यापासून त्या अंथरुणाला खिळल्या आहेत. चार दिवस माझ्याकडे चला म्हटलं, तर म्हणाल्या, मी गेल्यावर मागे भिंत राहील कशावरून?

पोरांना गोड पापा. माया आहेच, ती घराबरोबर पाडू नकोस.

तुझी,
ताई

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मशीनवाला दोन दिवसांत सगळं सपाट करून देतो म्हणतोय आणि तू गोगलगाय धरलीस. धन्य आहे तुझी. बांधकामवाला महिनाअखेरपर्यंतच मोकळा आहे. तो हातचा गेला तर वर्षभर मिळायचा नाही. शिवाय नव्या घराच्या नकाशात खोलीची रुंदी धरताना भिंतीतला आपला अर्धा वाटाही धरलाय.

मावशींनी माझ्या शाळेच्या चड्ड्यांना ठिगळं लावली, हे मी विसरलेलो नाही. म्हणून जन्मभर ठिगळातच राहू का?

रागावू नकोस, रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझा,
धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गोगलगायरावांनी आपलं घर दहा मिनिटं पाहिलं आणि मावशींकडे दोन तास बसले. त्यांच्या भिंतीला जिथे जिथे तडे होते, तिथे कागदाच्या पट्ट्या आडव्या चिकटवल्या. भिंत हलली की आधी कागद फाटतो म्हणे. मग मावशींच्या हातात शिट्टी दिली. ती वाजली की माणसं थांबणार.

दोन वर्षं आढ्याकडे बघत पडलेली बाई एकदम मुकादम झाली. पहिल्या दिवशी अकरा वेळा शिट्टी. त्यातली एक, नुसती वाजते का ते बघायला. दर वेळी ते खाली उतरून आले, पट्ट्या पाहिल्या, परत वर गेले. कपाळावर आठी नाही. वरून एकेक वीट हाताने सुटी करतात. मावशी म्हणतात, फाडणारे पुष्कळ पाहिले, उसवणारा हा पहिलाच.

मंगळवारी मात्र कागद खरोखरच फाटला. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला आणि सगळ्यांना खाली बोलावलं. आपल्या विटा मावशींच्या विटांत गुंतल्या आहेत. आपला वाटा काढला तर त्यांचा उभा राहणार नाही, असं ते म्हणाले. भिंत अख्खी ठेवायची, तर तुझी खोली वीतभर अरुंद होते. आम्ही हट्टच धरला तर, असं मी विचारलं. मग दुसरा माणूस बघा, एवढंच म्हणाले, तेही आवाज न चढवता. हातातलं काम असं खाली ठेवणारा माणूस मी अजून पाहिला नव्हता.

घर तुझ्या नावावर, तेव्हा शब्दही तुझाच हवा. काम थांबलंय. लवकर कळव.

तुझी,
ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बांधकामवाल्याने परवा दुसरं काम धरलं. आधी तुझ्यावर चिडलो, मग गोगलगायीवर, खरं सांगायचं तर मावशींवरही. हिने नकाशा पुढे ठेवला आणि विचारलं, त्या वीतभर जागेत काय येणार होतं? कपाट. मी ते खोडलं.

भिंत अख्खी राहू दे. आता बांधणाराही गोगलगायरावांनाच विचारून ठरव. काय पाडू नये हे ज्याला कळतं, त्याला कोण नीट बांधतं हेही ठाऊक असेल. उशीर होईल तो होवो.

मावशींना मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. भिंत आपल्यालाच हवी होती, एवढंच सांग.

तुझा,
धाकटा