नीतूनं सांगितलेला सिनेमा

आमगाव
रविवार, २० एप्रिल २०२५

प्रिय निर्मला,

खूप खूप आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. ऊन तापायला लागलं, कूलर काढून झाला. हिमांशु त्याच्या दुकानात आणि सूनबाई नीतू घरात, दोघंही दिवसभर धावपळीत असतात. उन्हाळी धान चांगला आहे म्हणतात. तू जेवणखाण नीट करतेस की नाही ते कळव. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. अर्जुनीत पोस्टमन अजून घरी येतो असं धरून चालते.

या पंधरा दिवसांत मी तीन सिनेमे पाहिले. आपल्या दोघींना नावं कधीच लक्षात राहिली नाहीत, तेव्हा ओळखीनंच सांगते.

पहिला कबड्डीच्या पोरींचा. गोष्ट तीच, आधी हरतात, मग जिंकतात. पण त्या पोरींचे पाय खरे आहेत गं! टाचा फुटलेल्या, नखात माती. बत्तीस वर्षं शाळेत पोरींना खेळवलं मी, मला फसवता येत नाही. हा नक्की पाहा.

दुसरा जंगलातल्या खुनाचा. तो पाहू नकोस. अर्धा सिनेमा काळोखात. कोण कोणाला मारून राहिलं तेच दिसत नाही, आणि शेवटी कळतं की खुनी तोच, जो पहिल्या सीनमध्ये सगळ्यांशी गोड बोलत होता. आपल्याला तर तेव्हाच कळलं होतं.

तिसरा लग्नाच्या बँडमधल्या म्हाताऱ्या क्लॅरिनेटवाल्याचा. संथ आहे, पण वेळ काढून पाहा. शेवटी तो वाजवायचं सोडून देतो, ते मात्र मला पटलं नाही. इतकी वर्षं वाजवणारा माणूस असा गप्प बसेल काय? तुझं मत कळव.

हे तिन्ही मी माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

हे वाक्य लिहून मी उठले, पाणी पिऊन आले. आता पुढचंही लिहिलं पाहिजे.

निर्मला, गेल्या दोन वर्षांत आपण ज्या ज्या सिनेमांवर बोललो, त्यातला एकही मी पाहिलेला नव्हता. मला दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. आधी नुसतं धुरकट होतं, मग माणसांचे चेहरे गेले, मग टीव्हीवर नुसते रंग हलताना दिसायचे. आवाजावर भागवून पाहिलं, पण आजकालच्या सिनेमात माणसं बोलतात कमी आणि खिडकीतून बाहेर जास्त पाहतात.

मी कोणाला सांगितलं नाही. कारण तुला माहीत आहे. मायचा उजवा डोळा आधीच गेला होता, आणि डावा त्या डोळ्यांच्या शिबिरात कसा गेला ते आपण दोघींनी पाहिलं आहे. तू तेव्हा सातवीत होतीस. पट्टी काढली आणि माय म्हणाली, "पोरी हो, दिवा लावा ना," आणि बाहेर दुपार होती. तेव्हापासून डोळ्याचं ऑपरेशन हा शब्द ऐकला की माझे हातपाय गार पडायचे. हिमांशुला कळलं असतं तर त्यानं उचलून नेलं असतं, म्हणून त्याच्यापासून लपवलं. फक्त नीतूला कळलं. एकदा मी मिठाच्या डब्यातून चहात दोन चमचे टाकले, तेव्हा तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "मम्मी, कितना दिखता है? खरं सांगा." मी तिला शपथ घातली. पोरीनं ती पाळली, आणि वरून माझ्यासाठी सिनेमे सांगायला लागली.

तू सिनेमा सुचवलास की दुपारी नीतू तो पाहायची आणि भाजी निवडता निवडता मला सगळी गोष्ट सांगायची. फार छान सांगते गं. हातवारे करते, आवाज काढते, ते मला तिच्या बांगड्यांवरून कळायचं. मग मी तुला फोन करून माझं मत सांगायची, जसं काही मीच पाहिलं. तू म्हणायचीस, "ताई, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही." मी हसून घ्यायची.

तुझे श्यामलालजी आषाढात गेले. तेरवीला मी आले ती हिमांशुचा हात धरून. त्यानंतर आले नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगत राहिले. गुडघे माझे ठणठणीत आहेत. मला स्टेशनच्या पायऱ्या दिसत नव्हत्या, आणि तुझ्या घरी चार दिवस राहिले असते तर तू पहिल्याच दिवशी ओळखलं असतं. बहीण एकटी पडली आणि मी माझं लपवत बसले. हा स्वार्थच, याला दुसरं नाव नाही.

दिवाळीनंतर तुझा तो मेसेज आला. बोलून पाठवलेला. मी तो नंतर किती वेळा ऐकला. "ताई, म्हातारा-म्हातारीच्या भांडणाचा एक सिनेमा आला आहे, तो पाह्य. पुरा पाह्य. मग मले फोन कर, मले तुले काही सांगायचं आहे."

नीतूनं पाहिला आणि मला सांगितला. एक म्हातारी आहे, दिवसभर नवऱ्याशी भांडते. नळ टपकून राहिला, छत्री कुठं ठेवली, चहा थंड झाला. आणि म्हातारा एकेक उत्तर देतो. म्हातारी म्हणते, नळ दुरुस्त कर म्हणून किती वेळा सांगितलं! तर म्हातारा म्हणतो, "तुझंच तोंड बंद होत नाही, नळाले कोणत्या तोंडानं सांगू?" मी पोट धरून हसले. आणि तशीच तुला बोलून मेसेज पाठवून बसले. काय मजेदार सिनेमा आहे म्हणून. घरात असं भांडण असलं म्हणजे घर भरलेलं वाटतं म्हणून.

त्यानंतर तुझा फोन आला नाही. मी केला, तू उचलला नाहीस. मला वाटलं, दुःखात आहे, बोलावंसं वाटत नसेल.

मग फेब्रुवारीत मुर्री गावातलं लग्न. आपल्या बकारामदादाच्या नातीचं. नीतूनं मला खुर्चीवर बसवलं, शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवली आणि ताट आणायला गेली. तेवढ्यात माझ्यासमोर कोणीतरी येऊन उभं राहिलं. फिकट रंगाची साडी, एवढंच मला दिसलं. बोलली काहीच नाही. मला वाटलं, खुर्ची पाहिजे असेल. मी म्हणाले, "इथं सून बसली आहे बाई, दुसरीकडे पाहा."

ती तू होतीस.

नीतू ताट घेऊन येत होती, तिनं लांबून सगळं पाहिलं. तू जेवल्याशिवाय निघून गेलीस तेही पाहिलं. घरी आल्यावर तिनं शपथ मोडली. हिमांशुसमोर रडत रडत सगळं सांगितलं. माझा पोरगा कधी माझ्यावर आवाज चढवत नाही, त्या दिवशी चढवला. "आई, मावशी तुझ्यासमोर उभी होती आणि तू तिले दुसरीकडे पाहा म्हणाली? भीती वाटून राहिली होती तर मले काऊन नाही सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी गोंदियाला डॉक्टरांकडे नेलं त्यानं, आणि मी गेले. हातपाय गार पडलेच, पण गेले. आठ मार्चला उजवा डोळा, सत्तावीसला डावा. पट्टी काढताना मी मायचंच वाक्य ओठावर घेऊन बसले होते. डॉक्टरीण बाईंनी पट्टी काढली, आणि समोर निळा पडदा होता. इतका निळा! मी विचारलं, "हा नवीन लावला काय?" त्या हसल्या. हिमांशु तिथंच खुर्चीवर बसून लहान पोरासारखा रडला.

घरी आले तर घर किती मळकं ते दिसलं, आणि आरशात पाहिलं तर माय उभी. केव्हा झाले मी इतकी म्हातारी? पण खरं सांगते, सुरकुत्या मोजतानासुद्धा हसू येत होतं.

टीव्हीची परवानगी मिळाली तेव्हा मी पहिल्यांदा नीतूला म्हटलं, तो भांडणाचा सिनेमा लाव. ती म्हणाली, "मम्मी, तो राहू द्या ना. कबड्डीवाला पाहा." मी कबड्डीवाला पाहिला. मग पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, जंगलवाला पाहा. असे तीन सिनेमे तिनं मध्ये घातले. चौथ्या दिवशी मी स्वतःच रिमोट घेतला.

दहाव्या मिनिटाला म्हातारा मेला.

त्यानंतर सगळा सिनेमा ती म्हातारी एकटीच बोलते. नळाचं, छत्रीचं, चहाचं. समोर रिकामी खुर्ची. उत्तर कोणी देत नाही. मी नीतूकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. म्हणाली, "खुर्ची खालीच होती मम्मी. मीच बसवलं त्याले तिथं. तुम्हाले काही दिसत नव्हतं, त्यात मावसाजी जाऊन चारच महिने झाले होते. मी कायले सांगू तो मेला म्हणून?"

त्या पोरीवर मी काय रागावू? सगळी उत्तरं तिनं स्वतःच्या मनानं रचली होती. आणि त्याच उत्तरांना हसून मी तुला कळवलं की घर भरलेलं वाटतं.

तुला मला काय सांगायचं होतं, निर्मला? मला आता थोडं कळतं आहे, पण मी अंदाज करणार नाही. दोन वर्षं अंदाजानंच बोलले. तूच सांग. रागावून सांग, रडून सांग, कसंही सांग. मी आता गाडीत एकटी बसू शकते. तू ये म्हण, मी निघते.

हे अक्षर पाहून तुला ओळखू येईल की दोन वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः काही लिहिते आहे. ओळी थोड्या वाकड्या गेल्या, ते सवय सुटल्यामुळे.

तुझ्याकडे न पाहिलेली,
आणि पाहायला आतुर झालेली
तुझी ताई,
मनकर्णा


अर्जुनी मोरगाव
सोमवार, २८ एप्रिल २०२५

ताई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पोस्टमन येतो अजून. दारातच उभी राहून वाचलं, मग आत येऊन पुन्हा वाचलं.

आधी रागाचं सांगते, कारण तो खरा आहे. डोळ्यांचं मला सांगितलं नाहीस. माय तुझी एकटीची होती काय? तिचा दुसरा हात मी धरत होते. तू सांगितलं असतं तर मी तुझ्यासोबत ऑपरेशनला बसले असते. हे मी तुला समोर बसवून एकदा पुरं ऐकवणार आहे, तू मध्ये बोलायचं नाही.

आता दुसरं. त्या लग्नात मी तुझ्यासमोर उभी होते ती अशी ठरवून, की ताई आधी बोलली तर सगळं विसरायचं. तू "दुसरीकडे पाहा" म्हणालीस आणि मला वाटलं, माझी एकुलती एक बहीणसुद्धा गेली. अडीच महिने मी तेच धरून बसले होते. तुझं पत्र वाचल्यावर कशी सुटले, ते मला लिहिता येत नाही. घरात कोणी नव्हतं, तरी मोठ्यानं म्हणाले, "आंधळी होती ती! आंधळी होती!" आणि हसायला लागले. शेजारच्या चैतरामभाऊंची बायको पाहायला आली, काय झालं म्हणून. बहीण आंधळी होती हे ऐकून कोणी असं हसतं काय? पण मी हसले, ताई. पोटभर हसले.

मला तुला काय सांगायचं होतं ते आता लिहिते. मी ह्यांच्याशी भांडते. अजून. पाण्याच्या मोटारीचं बटन बंद केलं नाही म्हणून, चष्मा कुठंही ठेवतात म्हणून. मोठ्यानं. पहिल्यांदा झालं तेव्हा मला वाटलं, मी वेडी होऊन राहिली. पोराला, विक्कीला सांगितलं असतं तर तो मला नागपूरला डॉक्टरकडे घेऊन गेला असता. मग तो सिनेमा पाहिला आणि वाटलं, दुसरी पण कोणी आहे अशी. तेच तुला सांगायचं होतं, पण तोंडातून निघत नव्हतं.

नीतूला रागावू नकोस. तिला सांग, मावशीनं मागितली आहेत त्या म्हाताऱ्याची सगळी उत्तरं. जेवढी आठवतील तेवढी. दहा महिन्यांपासून मी एकटीच बोलून राहिली आहे. नळाचं उत्तर वाचून मला ह्यांचा आवाज आला. अगदी तसंच म्हणाले असते.

क्लॅरिनेटवाल्याचा सिनेमा काल पाहिला. तुझं मत चुकलं आहे. तो वाजवायचं सोडत नाही, शेवटी नातीच्या हातात देतो आणि तिची बोटं भोकांवर ठेवून देतो. तू झोपली असशील. नवे डोळे आले तरी दुपारची झोप जुनीच आहे.

तू येऊ नकोस. उन्हात डोळ्यांना त्रास होईल. मी येते. दहा मेच्या, शनिवारच्या सकाळच्या गाडीनं गोंदियापर्यंत, तिथून पुढं आमगावला. हिमांशुला स्टेशनवर पाठवू नकोस. तू स्वतः ये, आणि गर्दीतून मला शोध. मी हाक मारणार नाही.

अजून थोडी रागावलेली,
पण येऊन राहिलेली,
तुझीच
निर्मला