गादीतल्या कापसाच्या वाती

माय, बालगृहात तू आम्हा साऱ्या मुलींच्या पोळ्या लाटायचीस, आणि मी स्वयंपाकघराच्या दारात पुस्तक घेऊन बसायचे. एकदा कुणाशीच न बोलणाऱ्या एका मुलीला मी येडी म्हटलं, तर तू लाटणं खाली ठेवलंस. "काहून बोलत नाही म्हून तिले कोनं इचारलं काय? मंग येडी कोन?" मला तुझा भयंकर राग आला होता. चार दिवस मी तुझ्याशी धड बोलले नाही.

आता मी जिल्ह्याच्या बालकल्याण समितीची अध्यक्ष आहे. निराधार लेकरानं कुठे राहायचं ते आम्ही ठरवतो, आणि आमचा हुकूम कोर्टाचाच मानतात. पोराला विचारल्याशिवाय ही बाई सही करत नाही, असा माझा लौकिक आहे. मला तो आवडतो, खोटं कशाला बोलू?

आज नऊ वर्षांची पोर आली, उमरखेडकडची. आई वारल्यावर तिला राळेगावच्या एका कुटुंबात सांभाळायला दिलं होतं. माणसं वाईट नाहीत. पण पोर बोलत नाही, रोज गादी फाडून कापूस उपसते. डॉक्टरांनी उभ्या उभ्या पाहून चिठ्ठी दिली, आणि तिला मनोरुग्णालयात ठेवावं असा त्या घरचा अर्ज आला.

मी तिला जवळ बसवलं, डब्यातली पोळी दिली. "कापूस कायले काढतं वं?"

तिनं अर्धी पोळी खाल्ली. मग म्हणाली, "वाती कराले. मायचा दिवा धा दिस ठेवा लागते ना. मले तिसऱ्याच दिसी गाडीत बसवून आनलं."

पोरीला घेऊन आलेली राळेगावची बाई पदरात तोंड घालून रडायला लागली. "मी निस्ती रागावतच राह्यली हिच्यावर," म्हणाली.

अर्ज फेटाळला. पोर त्याच घरी राहील, आणि त्या घरात दहा दिवस दिवा लागेल, असं मी हुकमात लिहायला सांगितलं. टायपिस्टनं मान वर केली. "लिही," म्हटलं, "तेलासकट." बाई पोरीचा हात धरून बसस्टँडकडे गेली.

हे पत्र धाडायला पत्ता असता तरी मी धाडलं नसतं. पोर आत येण्याआधीच तिला मनोरुग्णालयात पाठवायच्या हुकमावर मी सही करून बसले होते. कागद न्यायचा तो शिपाई जेवायला गेला होता, म्हणून विचारणं झालं.